चाळीस मिलिमीटरचा लाडू

लाडू चाळीस मिलिमीटरचा असतो, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. तोवर लाडू लहान, मोठा किंवा कालचा, एवढेच प्रकार मला माहीत होते.

हे ज्ञान देणारे गृहस्थ नगरबाहेरच्या माळावरच्या एका दंतमहाविद्यालयात तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करत. मी त्यांच्या विभागाचा कारकून. केसपेपर लिहिणं आणि रजिस्टर सांभाळणं हे माझं काम. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला भाऊसाहेब म्हणायचे. आज त्यांचा विषय निघाला की त्या वेळची माणसं दोनच गोष्टी सांगतात. एक, तो डॉक्टर लोकांना लाडू भरवायचा. दुसरी, त्यानं संशोधनातले आकडे मनाने भरले होते. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे, आणि हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ते आकडे मी भरले होते. चौदा वर्षं मी हे कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही, आणि तिला तर मी माझा रक्तदाबसुद्धा खरा सांगतो.

सरांना माणूस म्हणजे तोंड दिसायचं. तेही समोरचं नव्हे, आतलं. आमच्या भागात मावा फार. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोळून गालात धरायचा. काही वर्षांनी गालाची आतली कातडी ताठरते, दोरीसारखे पट्टे धरते आणि तोंड उघडेनासं होतं. सर म्हणायचे, ‘‘हा आजार चोरपावलांनी येत नाही भाऊसाहेब. चांगला भाकरीतून येतो. माणूस घास लहान करत जातो आणि त्याला वाटतं, आपलं वय झालं.’’

त्यांची साधी परीक्षा तीन बोटांची. स्वतःची तीन बोटं उभी धरून स्वतःच्या तोंडात घालायची. गेली तर ठीक, दोनच गेली तर केसपेपर काढा. ही परीक्षा ते कुठेही घ्यायचे. एकदा नगरच्या स्टँडवर गाडी उशिरा येणार होती. सरांनी शेजारच्या कंडक्टरला बोटं घालायला लावली, त्याचं पाहून त्याच्या ड्रायव्हरने घातली, मग बाकावरच्या चार जणांनी. चौकशीच्या खिडकीतला माणूस उठून बाहेर आला आणि काय प्रकार आहे असं विचारायला लागला. सरांनी त्यालाही घालायला लावली. पुढची पाच मिनिटं तो उत्तर देऊ शकला नाही, आणि चौकशीची रांग वाढत गेली.

लग्नाच्या वरातीत सगळे नवरदेवाकडे बघत असले की हे बँडकडे बघत. एकदा मला कोपर मारून म्हणाले, ‘‘क्लॅरिनेटवाल्याचा उजवा गाल फुगत नाही.’’ दुसऱ्या आठवड्यात क्लॅरिनेटवाला ओपीडीत हजर. सरांना माणसांची नावं राहत नसत. ‘‘तो अठरा मिलिमीटर आला होता का?’’ असं विचारायचे. प्राचार्यांचा उल्लेख ते ‘छत्तीस’ असा करायचे, आणि एकदा मीटिंगमध्ये तोंडावर केला. बाईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, ते बघायला गेले तेव्हा पोहे समोर आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तिन्ही बोटं जातात का? बाई हे सांगून वर म्हणायच्या, ‘‘मला वाटलं, ह्यांच्याकडे रीत असेल.’’

कॉलेजातल्या एकूण एक माणसाचं तोंड त्यांनी मोजलं होतं. माझं तेवढं राहिलं होतं. मी कायम रजिस्टर धरून त्यांच्या मागे उभा, त्यामुळे त्यांच्या नजरेत यायचो नाही. मलाही ते बरं होतं. सायकल स्टँडच्या मागे जाऊन मी दिवसाला दोन पुड्या मावा खायचो.

त्यांचं संशोधन या आजारावरच होतं. गालातले ताठ पट्टे कापायचे, मागच्या अक्कलदाढा काढून टाकायच्या म्हणजे त्या नव्या जागेला टोचत नाहीत, आणि कापलेल्या जागेवर त्याच माणसाच्या गालातली चरबी ओढून पांघरायची. हे सगळीकडेच करतात. पण सर नवी नवी नियतकालिकं वाचून चिडायचे. ‘‘तीन महिन्यांनी मोजतात आणि थांबतात. तीन महिन्यांनी सगळ्यांचीच तोंडं उघडी असतात. वर्षाने कोणाचं उघडं राहतं ते मोजा की.’’ त्यांचं म्हणणं असं, की ऑपरेशन हे अर्धं काम. उरलेलं अर्धं आइस्क्रीमच्या काड्यांचं. रुग्णाने रोज दातांत काड्यांची थप्पी धरायची आणि एकेक काडी वाढवत जायची. नाहीतर कातडी पुन्हा आखडते. ज्यांनी वर्षभर काड्या धरल्या त्यांचं काय झालं आणि ज्यांनी सोडल्या त्यांचं काय, एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं.

रजिस्टरचे त्यांचे नियम कडक होते. शाईनेच लिहायचं. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चूक झाली तर खाली नवी ओळ. तोंड किती उघडतं ते मोजायचं आणि प्रत्येक वेळी सगळे दात मोजायचे, अक्कलदाढांसकट. दात कशाला मोजायचे, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘‘सवय म्हणून.’’ मला त्यांनी बॅटरी धरून दात मोजायला स्वतः शिकवलं. माझ्यासारखा दात मोजणारा कारकून जिल्ह्यात नसेल, हे मी अभिमानाने सांगतो. पुढे त्या अभिमानानेच घात केला.

आता लाडू. नवे रुग्ण शोधायला सरांना जागा हवी होती, जिथे पुष्कळ माणसं एकदम तोंड उघडतात. ती जागा म्हणजे पंगत. आणि पंगतीत यजमानाच्या बाजूचा माणूस ताट घेऊन फिरतो, पाहुण्याला आग्रहाने लाडू भरवतो, पाहुणा नको नको म्हणत तोंड उघडतो. सर म्हणाले, ही तर तयार तपासणी आहे, फक्त लाडूला माप नाही. म्हणून ते नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये गेले आणि स्टीलचा दोन वाट्यांचा साचा करायला सांगितला, आतून बरोबर चाळीस मिलिमीटरचा, कारण निरोगी तोंड निदान तेवढं उघडतंच. टर्नरने ड्रॉइंग पाहिलं आणि विचारलं, पार्ट कुठे बसणार? ‘‘तोंडात,’’ सर म्हणाले. टर्नरने जरा विचार करून विचारलं, किती फरक चालेल? सरांनी अर्धा मिलिमीटर सांगितला. साचा असा उतरला की त्यातून निघालेले लाडू गोट्यांसारखे एकसारखे दिसायचे.

मिरजगावला आमच्या स्टोअरकीपरच्या मुलीचं लग्न होतं. सर मुलीकडचे म्हणून आग्रहाला उभे राहिले. हातात ताट, मागे मी, खिशात वही. ‘‘चावायचा नाही, अख्खा घ्या,’’ असं म्हणत ते ओळीने निघाले. लोकांना वाटलं, मुलीकडचे हौशी आहेत. बावीस माणसांनी लाडू घेतला. तेविसावे नवरदेवाचे थोरले चुलते. मोठा फेटा, मोठी मिशी, गावात शब्दाला वजन. लाडू ओठांवर टेकला आणि तिथेच राहिला. सरांनी जरासा दाब दिला. चुलत्यांनी मान मागे घेतली. सरांनी लाडू पुढे नेला.

‘‘जबरदस्ती हाय का काय?’’ चुलते म्हणाले.

‘‘अख्खा जात नाही का?’’ सरांनी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

वऱ्हाड जेवायचं थांबलं. चुलते पानावरून अर्धे उठले. स्टोअरकीपर कुठूनतरी धावत आला आणि त्याने हात जोडले. कोणासमोर जोडायचे ते न कळून त्याने ते लाडूसमोर जोडल्यासारखे दिसले. आता मोडतंय लग्न, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून चुलत्यांच्या घरच्या बाई बोलल्या.

‘‘जात न्हाई डाक्टर. वरीस झालं, भाकर दुधात कुस्करून खात्यात. मला म्हनत्यात दात दुखतोय.’’

चुलते खाली बसले. सरांनी ताट माझ्याकडे दिलं, त्यांच्या शेजारी मांडी घातली आणि विचारलं, ‘‘मावा किती वर्षं?’’ पुढचा अर्धा तास ते तिथेच बोलत बसले. लग्न लागलेलं होतं ते टिकलं. चुलते पंधरा दिवसांत ऑपरेशनला आले.

थोरल्यांनी मावा सोडला. काड्या धरल्या. तीन महिन्यांनी स्वतः दाखवून गेले, तोंड छान उघडत होतं. पुढचा पाठपुरावा घरी जाऊन करायचा होता, कारण बरं वाटलं की रुग्ण परत येत नाही. ते काम माझ्याकडे. एसटीने जायचं, पट्टी, बॅटरी, काड्यांचं बंडल आणि रजिस्टर घेऊन.

चैत्रातलं ऊन होतं. थोरल्यांची वस्ती मिरजगावपासून आत. मी पोहोचलो तर ओट्यावर ते बसलेलेच होते. फेटा तोच, मिशी तीच. मी रजिस्टर काढताच त्यांनी काही न विचारता तोंड उघडलं. मी मोजलं, एकेचाळीस. दात मोजले, बत्तीस. शाईने लिहिलं. मग चहा आला.

चहा पिता पिता ते म्हणाले, ‘‘थोरलं मळ्यात गेल्यात. मोटार जळली हाय.’’

मी कप खाली ठेवला. ‘‘मग तुम्ही कोण?’’

‘‘मी धाकटा. नवरदेवाचा बाप. तुमी एवढ्या उनाचं लांबून आला, तुमाला मोकळं कसं लावून द्यायचं? म्हनून म्हनलं, घ्या माझं तोंड.’’

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे दारी आलेला माणूस रिकामा जात नाही. मागायला आलेल्याला जोंधळे देतात, मला तोंड दिलं. चुकलं माझं. मळा अर्ध्या तासावर होता. मी चालत जायला हवं होतं आणि खाली नवी ओळ लिहायला हवी होती. पण परतीची गाडी निघायची वेळ झाली होती, ऊन कडक होतं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही हा नियम मला त्या दिवशी फारच पटला. दोघे भाऊच तर आहेत, असं म्हणून मी उठलो.

एकदा असं झालं की दुसऱ्यांदा सोपं होतं. पुढच्या गावात रुग्ण ऊसतोडीला गेला होता, त्याच्या मेव्हण्याचं घेतलं. त्याच्या पुढच्या गावात तर मीच म्हटलं, घरात असेल त्याने या. अशी अकरा तोंडं झाली. पण एक सांगतो. तोंड दुसऱ्याचं असलं तरी मी मोजायचो अगदी बरोबर. दातसुद्धा, एकेक.

सरांचे निष्कर्ष फार चांगले आले. पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती या निबंधावर त्यांना मिळणार, असं सगळे धरून चालले होते. परिषदेच्या आठवडाभर आधी थोरले ओपीडीत आले. ह्या वेळी खरे थोरले. तोंडात जेमतेम एक बोट जात होतं.

सरांनी रजिस्टर उघडलं. चैत्रात एकेचाळीस, आता पंधरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘‘मावा परत सुरू केला असेल सर.’’

हे माझं वाक्य. ते मी कधी विसरलो नाही.

सर थोरल्यांना रागावले, अगदी लहान मुलाला रागवावं तसं. थोरले त्या एका बोटाच्या फटीतून सांगत होते, ‘‘न्हाई वो डाक्टर, पोराच्यान न्हाई. काड्या सोडल्या व्हत्या मी. तुमचा मानूस आला न्हाई, मला वाटलं आता गरज न्हाई.’’ सरांनी ऐकलं नाही. रजिस्टरवर माझा नव्हता तेवढा त्यांचा विश्वास होता. चैत्रात मी मळ्यात जाऊन थोरल्यांचं तोंड मोजलं असतं तर कातडी आखडायला लागल्याचं कळलं असतं, काड्या परत सुरू झाल्या असत्या. वहीत एकेचाळीस होते म्हणून कोणी त्यांना बोलावलंच नाही.

थोरले मान खाली घालून बाहेर बाकावर जाऊन बसले. सर रजिस्टर बंद करता करता थांबले. बोट एका ओळीवर ठेवलं.

‘‘भाऊसाहेब, दात बत्तीस?’’

‘‘मोजूनच लिहिलेत सर.’’

‘‘ते दिसतंय.’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘माझ्या ऑपरेशनने तोंड उघडतं हे मला माहीत होतं. काढलेल्या चारही अक्कलदाढा परत येतात, हे नवीन आहे.’’

मग ते पानं उलटत गेले. अकरा ठिकाणी थांबले. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. शेवटी उठले, बाहेर बाकापाशी गेले आणि थोरल्यांच्या पायांना हात लावला. थोरले इतके घाबरले की त्यांनीही सरांच्या पायांना हात लावला. दोघे काही वेळ वाकलेलेच होते. एरवी मी हसलो असतो.

पुण्याला सर गेले. त्यांच्याबरोबर गेलेल्या डॉक्टरीणबाईंनी पुढे सांगितलं, की पहिलंच चित्र पडद्यावर येताच सरांनी यंत्र बंद करायला लावलं. म्हणाले, माझ्या वहीतली काही तोंडं माझ्या रुग्णांची नाहीत, हे मला सात दिवसांपूर्वी कळलं. मी खुर्चीत बसून संशोधन केलं, गावात गेलो नाही, ही चूक माझी. निबंध मागे घेतो. मग उरलेला वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी सभागृहातल्या सगळ्यांना तीन बोटं घालायला लावली. तिघांची गेली नाहीत.

कॉलेजने चौकशी समिती नेमली. मला आत बोलावलं. सर समोर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, ‘‘रजिस्टर कोण भरतं?’’

माझ्या निवृत्तीला सात महिने होते. मी म्हणालो, ‘‘मीच भरतो. सर सांगतील तसं.’’

शब्दाला शब्द लावून पाहिलं तर हे खरं होतं. दात मोजा, शाईने लिहा, हे सरच सांगत. अध्यक्षांनी त्याचा जो अर्थ घेतला तो मला दिसत होता आणि मी तो घेऊ दिला. सरांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? ते म्हणाले, नाही.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं आता मारतील. निदान शिव्या देतील. त्यांनी खिशातून पट्टी काढली.

‘‘भाऊसाहेब, आ करा.’’

मी आ केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

‘‘चौतीस,’’ ते म्हणाले. बॅटरी मारून दोन्ही गाल पाहिले. ‘‘मावा आजपासून बंद. तीन महिन्यांनी दाखवायला या.’’

मावा मी सोडला. दाखवायला गेलो नाही. जाऊन काय सांगणार होतो?

विभागप्रमुख दुसरे झाले. सरांनी नोकरी सोडली आणि मिरजगावला दोन खोल्यांचा दवाखाना टाकला. थोरल्यांचं ऑपरेशन त्यांनी कर्जतच्या एका दवाखान्यात पुन्हा केलं. त्यानंतर दर रविवारी स्कूटरवर बसून ते उरलेल्या दहा जणांच्या घरी गेले म्हणतात. मी हे सगळं ऐकून होतो. लग्नाकार्यात ‘तो आकडेवाला डॉक्टर’ असं कोणी म्हटलं की मी ताटातलं मीठ नीट करत बसायचो.

गेल्या महिन्यात सर गेले. तेराव्याला मी मिरजगावला गेलो. एवढं धैर्य कुठून आलं माहीत नाही. समोर माणूस नसला की येत असावं. पंगतीत माझ्या शेजारी थोरले बसले होते, ऐंशीच्या घरात, फेटा तोच. बाईंनी लाडू वाढला. मी पाहताक्षणी ओळखला, साचा तोच होता. थोरल्यांनी लाडू उचलला आणि अख्खा तोंडात घातला. मग सावकाश चावून, पाणी पिऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले,

‘‘तुमी त्या टायमाला धाकट्याचं तोंड लिवून न्हेलं, ते मला दवाखान्यातनं घरी गेल्यावर धाकट्यानंच सांगितलं. कमेटीपुढं मी सांगनार व्हतो. डाक्टर म्हनले, नको. त्यांचं त्यांना सांगू द्या.’’

‘‘मग?’’ मी म्हणालो.

‘‘मग काय. वाट बघितली आमी.’’

माझ्या पानावरचा लाडू मी मोडून खाल्ला. चार तुकडे केले.

निघताना बाईंनी मला एक पिशवी दिली. म्हणाल्या, हे तुमच्यासाठी ठेवायला सांगितलं होतं. आत रजिस्टर. घरी येऊन उघडलं. माझी अकराही खोटी माणसं जागच्या जागी होती, एकही खोडलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या खाली सरांच्या अक्षरात नवी ओळ: खरा रुग्ण, खरं माप, दात अठ्ठावीस किंवा असतील तेवढे. वर्षभर काड्या धरलेल्यांची तोंडं उघडी राहिली होती, सोडलेल्यांची आखडली होती. सरांचं म्हणणं बरोबर होतं. ते छापायला त्यांनी कुठे पाठवलं नाही.

शेवटी एक पान वेगळं होतं. वर लिहिलं होतं: भाऊसाहेब, विभागाचे कारकून. तोंड चौतीस. मावा. तीन महिन्यांनी बोलावले आहे. खाली तारीख आणि ‘आले नाहीत.’ त्याखाली तीन महिन्यांनंतरची तारीख, ‘आले नाहीत.’ मग पुन्हा. दर तीन महिन्यांनी एक ओळ, पान संपवून मागच्या पानावर, चौदा वर्षं. शेवटच्या चार-पाच ओळींत अक्षर हललं होतं, तारखा मात्र चुकलेल्या नव्हत्या.

आज सकाळी मी आरशासमोर उभा राहिलो, पट्टी लावली, बॅटरी मारली. दात दोनदा मोजले. मग शेवटच्या ओळीच्या खाली, शाईने, आजची तारीख टाकून लिहिलं:

आले. तोंड एकतीस. दात एकवीस, अक्कलदाढा नाहीत. तोंड रुग्णाचेच आहे.